घड्याळ घेताना आधी मागचं झाकण वाचा

मनगटी घड्याळांवर आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. लांबलेल्या पत्रांना कात्री लावली आहे, मुद्दे तेच आहेत.

प्रश्न : दर वर्ष-दीड वर्षाला मी तीन-चारशे रुपयांचं घड्याळ घेतो. कधी सोनेरी मुलामा उडतो, कधी चावीच हातात येते. दुरुस्तीवाला उघडूनही बघत नाही, ‘नवीन घ्या’ म्हणतो. या वेळी एकदाच पाच हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. दुकानात नेमकं काय बघायचं?
— शिक्षक, सांगली

उत्तर : दुरुस्तीवाल्याचं चुकत नाही. त्या घड्याळातलं मशीन प्लॅस्टिकचं असतं आणि ते खोलून साफ करण्याची मजुरी घड्याळाच्या किमतीच्या आसपास जाते. मशीन नवं घातलं तरी केस हलक्या धातूची असते. झाकणाची खाच एव्हाना झिजलेली, त्यामुळे ते पुन्हा घट्ट बसत नाही.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या. वेळ दाखवण्यात तुमचं तीनशेचं घड्याळही फारसं कमी नव्हतं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तीस हजारांच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतही हाच आकडा असतो. फरक पडतो तो मशीनपर्यंत घाम, पाणी आणि धूळ पोचू न देणाऱ्या भागांत. म्हणून घड्याळ हातात घेतलं की आधी उलटं करा आणि मागचं झाकण वाचा.

झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असेल तर फक्त ते झाकण स्टीलचं आहे. वरची केस पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची, वर मुलामा दिलेली. बऱ्याचदा शेजारीच ‘बेस मेटल’ असंही लिहिलेलं सापडतं. पट्टा जिथे अडकतो तिथे केसला चार शिंगं असतात, त्यांच्या आतल्या बाजूला घाम साचतो आणि मुलामा तिथूनच उडायला लागतो. खाली पितळ असेल तर हिरवट थर धरतो, जस्त असेल तर खड्डे पडून पांढरी पूड सुटते. तुम्हाला हवं ते ‘ऑल स्टेनलेस स्टील’ किंवा ‘स्टेनलेस स्टील केस’. घड्याळांत सहसा ३१६ एल जातीचं स्टील वापरतात आणि ते घामाला दाद देत नाही. सोनेरीच हवं असेल तर स्टीलवर आयपी (आयन प्लेटिंग) मुलामा असलेलं घ्या. तोही कडांना झिजतो, पण त्याला वर्षं लागतात आणि झिजला तरी खालून स्टीलच निघतं.

मग चावी. ती बाहेर ओढताना प्रत्येक टप्प्याला स्पष्ट ‘टक्’ जाणवायला हवं आणि ओढलेल्या अवस्थेत ती डुगडुगता कामा नये. वेळ लावून चावी आत ढकला. त्या क्षणी मिनिटकाटा चांगला अर्धा-पाऊण मिनिट उडी मारत असेल तर आतल्या दात्यांत ढिलाई आहे. यानंतर एक मिनिट नुसतं सेकंदकाट्याकडे बघा. तो सगळ्या खुणांपासून सारखाच बाजूला पडत असेल तर काटा थोडा तिरका बसवला आहे, तेवढं दुरुस्त होतं. १२ पाशी खुणेवर आणि ६ पाशी खुणेबाहेर पडत असेल तर डायल मध्यावर बसलेली नाही. ते घड्याळ परत ठेवा, जुळणीत ज्यांनी एवढं बघितलं नाही त्यांनी झाकणाखालची रबर रिंगही नीट बसवली असेल याचा भरवसा नाही.

मशीन कोणाचं, हे दुकानदाराला विचारा. मियोटा, सैको, रोंडा, ईटीए, किंवा टायटनचं स्वतःचं, यांपैकी काहीही चालेल. उदाहरणार्थ मियोटा २०३५ हे अगदी साधं मशीन आहे, महिन्याला २० सेकंद पुढे-मागे एवढी त्याची मर्यादा. पण ते सगळीकडे मिळतं, आणि आठ-दहा वर्षांनी बंद पडलं तर त्याच मापाचं दुसरं बसवून तीच डायल, तेच काटे वापरता येतात. घड्याळ टिकतं ते असं. एक सांगून ठेवतो : कपड्यांच्या किंवा अत्तरांच्या प्रसिद्ध नावानं विकली जाणारी आठ-दहा हजारांची अनेक घड्याळं उघडली की आत हेच मशीन निघतं. वरचे पैसे नावाचे.

काचेबद्दल फार डोकं शिणवू नका. प्लॅस्टिकची काच लवकर चरते पण पॉलिश होते. मिनरल काच बरी. सफायर कडकपणाच्या १ ते १० या मोजपट्टीत ९ अंकावर, तर रस्त्यावरच्या धुळीतल्या वाळूचा कण ७ च्या आसपास, म्हणून सफायरवर धुळीचे ओरखडे उठत नाहीत. मात्र फरशीवर आपटलं तर तीही टवका देते, आणि बदलायला महाग पडते. पाच हजारांच्या आत मिनरल काच, पूर्ण स्टीलची केस, पाणीरोधाची ५० मीटरची खूण आणि क्वार्ट्झ मशीन एवढं जमलं तर सौदा चांगला. टायटन, टायमेक्स, कॅसिओ, सिटिझन यांच्यात असे नमुने मिळतात. आयात घड्याळाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपीचं लेबल असायलाच हवं. ते नसेल तर वॉरंटीही नाही असं समजा.

आणि पाच हजार नसतील तर? कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू बघा. १९८९ पासून बाजारात आहे, केस रेझिनची, मागे चार स्क्रू, सीआर २०१६ सेल साधारण सात वर्षं जातो, पट्टा वेगळा मिळतो. स्वस्त आहे, पण टाकाऊ नाही. नकली मात्र भरपूर फिरतात, बिलाशिवाय घेऊ नका. उजवं बटण तीन सेकंद दाबल्यावर कंपनीचं नाव उमटतं, ही परीक्षा आता पुरेशी राहिलेली नाही. नकली मालही तेच दाखवतो.

प्रश्न : बाराशे रुपयांत ‘स्केलेटन ऑटोमॅटिक’ घड्याळ मिळतंय. आतली चाकं दिसतात, सेल लागत नाही, ‘लाइफटाइम’ चालेल असं लिहिलंय. घ्यावं का?
— कॉलेज विद्यार्थी, लातूर

उत्तर : नको.

ऑटोमॅटिक म्हणजे हाताच्या हालचालीनं स्वतःच चावी भरून घेणारं मशीन. त्याला सेल लागत नाही, पण तेल लागतं. आतल्या चाकांच्या टोकांना, लिव्हरला, मेन स्प्रिंगच्या डब्याला वेगवेगळ्या जातीचं तेल आणि ग्रीस अगदी थेंबाच्या अंशाएवढं द्यावं लागतं. पाच-सहा वर्षांत ते सुकतं किंवा पसरतं, मग धातूवर धातू घासतो. ‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाची लाइफ, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. बाराशेच्या मशीनला हे तेल मुळातच कुठे जास्त, कुठे अजिबात नाही अशा रीतीनं लागलेलं असतं, आणि कापकामातला बारीक कीसही आत राहिलेला सापडतो.

दुसरी अडचण बॅलन्सची. मागेपुढे फिरणाऱ्या त्या चाकाच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं जाड असतं. चांगल्या घड्याळात त्या टोकाखालचा खडा छोट्या स्प्रिंगवर बसवतात, म्हणजे धक्का बसला की खडा सरकतो आणि टोक वाचतं. इन्काब्लॉक, डायाशॉक, पॅराशॉक ही त्याच व्यवस्थेची वेगवेगळी नावं. अतिस्वस्त मशीनमध्ये ती नसते किंवा नावापुरती असते. एकदा घड्याळ हातातून निसटलं की आस वाकतो. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत आणि मिळाले तरी मजुरी बाराशेच्या वर जाते. अशा घड्याळांवरचे छोटे जादा काटेही तपासा, पुष्कळदा ते नुसते चिकटवलेले असतात आणि बाजूची बटणं शोभेची.

ऑटोमॅटिक हवंच असेल तर पैसे साठवा आणि सैकोचं एनएच ३५ किंवा मियोटा ८२१५ मशीन असलेलं घ्या. एनएच ३५ मध्ये २४ ज्वेल म्हणजे खडे, तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर सुमारे ४१ तास. कंपनीनं दिलेली मर्यादा दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे. म्हणजे हे चांगलं ऑटोमॅटिकही अचूकपणात तीनशेच्या क्वार्ट्झपुढे हरतं, ते माहीत असूनच घ्यायचं असतं. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीनं तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेचं चाक आधीच दात्यांत अडकलेलं असतं, जबरदस्ती केली की दाता तुटतो.

महाग म्हणजे दुरुस्त होणारं, असंही धरून चालू नका. स्वॉचनं २०१३ साली आणलेलं सिस्टिम ५१ हे ऑटोमॅटिक स्विस आहे, ५१ भागांचं, मध्ये एकच स्क्रू, आणि केस कायमची बंद. उत्तम चालतं, पण बिघडलं की उघडता येत नाही.

प्रश्न : माझ्या घड्याळावर ‘५० मीटर वॉटर रेझिस्टंट’ आहे. तरी घरी भांडी घासताना काचेत आतून वाफ धरली. दुकानदार म्हणतो, हे वॉरंटीत येत नाही. तांदळात ठेवून बघितलं, उपयोग झाला नाही. ड्युटीवर दिवसातून पन्नास वेळा हात धुवावे लागतात. मी कोणतं घड्याळ वापरू?
— परिचारिका, नाशिक

उत्तर : तो आकडा खोलीचा नाही, नव्या घड्याळावर कारखान्यात दिलेल्या स्थिर दाबाचा आहे. व्यवहारात ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, ५० मीटर म्हणजे थंड पाण्यात थोडा वेळ, पोहायचं असेल तर १०० मीटर. गरम पाणी कुठल्याच आकड्यात धरलेलं नाही. तापल्यावर काच, धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि भांड्यांच्या साबणामुळे पाणी बारीक फटीतूनही शिरतं. झाकणाखालची आणि चावीतली रबर रिंग दोन-तीन वर्षांत कडक होते. त्यात चावी अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली असेल तर सगळं संपलंच.

तांदळाचा उपयोग होत नाही कारण ओलावा बंद केसच्या आत असतो आणि तांदूळ बाहेर. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवणं त्याहून वाईट, आतली वाफ मशीनभर पसरते. त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे जा, झाकण उघडून सेल काढायला सांगा, आणि उघडं घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. साबणाचं किंवा समुद्राचं पाणी गेलं असेल तर नुसतं सुकवून भागत नाही. क्षार मागे राहतात आणि सर्किटचा तांब्याचा भाग खातात, मशीन काढून धुवावंच लागतं. नंतर नव्या रिंगा, त्यांना सिलिकॉन ग्रीस, आणि दाबाची चाचणी. चाचणीचं यंत्र प्रत्येक दुकानात नसतं. तिथे एक जुनी खरी पद्धत आहे : घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करायचं, काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभरानं पुसायचा. थेंबाखाली आतून धुकं दिसलं तर ओलावा अजून आत आहे.

तुमच्या कामाला १०० मीटरचं, स्क्रूचं झाकण असलेलं आणि सिलिकॉनच्या पट्ट्याचं घड्याळ हवं. काच मिनरलच घ्या, प्लॅस्टिकच्या काचेला सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनं बारीक तडे जातात. खरं तर याहून चांगला उपाय तुमच्याच पेशात आहे : गणवेशाला छातीवर पिननं लावायचं उलट्या डायलचं घड्याळ. नाडी मोजायला सेकंदकाटा डोळ्यांसमोर राहतो आणि हात मनगटापर्यंत नीट धुता येतात. अनेक रुग्णालयांत रुग्णाला हाताळताना मनगटी घड्याळ चालतही नाही.

प्रश्न : वडिलांचं एचएमटी जनता पंधरा वर्षं कपाटात पडून होतं. चावी दिली की पाच-दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. एक कारागीर म्हणाला, ‘याचं मशीन काढून सेलवालं टाकून देतो, डायलही नवी रंगवून देतो, कटकट मिटेल.’ करून घेऊ का?
— एक वाचक, वाई

उत्तर : दोन्हींपैकी काहीही करू नका, आणि आता चावी देऊन बघणंही थांबवा. पंधरा वर्षांत तेलाचा डिंक झाला आहे. सुकलेल्या तेलात चाकं फिरवली की आसाची टोकं घासून झिजतात, आणि मग खरंच भाग बदलावे लागतात.

एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं १९६१ साली बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. जनतामधलं १७ ज्वेलचं चावीचं मशीन साधं, दणकट आणि लाखोंनी बनलेलं आहे. त्यामुळे जुन्या घड्याळांतून काढलेले सुटे भाग अजूनही मिळतात आणि जुन्या पिढीतले बरेच कारागीर हे मशीन सहज खोलतात. आजच्या दुकानातल्या पुष्कळ घड्याळांना हे भाग्य नाही. १७ हा आकडा कमी वाटून घेऊ नका, साध्या चावीच्या घड्याळाला जिथे जिथे खडा हवा तिथे तो यात आहे.

कारागिराला ‘ऑइलिंग’ नको, ‘पूर्ण सर्व्हिसिंग’ हवं असं स्पष्ट सांगा. न खोलता झाकण उघडून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे मळ कालवणं. पूर्ण कामात मशीन सुटं होतं, भाग धुतले जातात, मेन स्प्रिंगचा डबा उघडून स्प्रिंग तपासली जाते, खड्यांची भोकं पुसली जातात आणि मग जुळणी करताना तेल दिलं जातं. घड्याळ परत घेताना टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, लावून दाखवायला सांगा. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून, बॅलन्सचा झोका २५० अंशांच्या पुढे असेल तर काम चांगलं झालं. २०० च्या खाली असेल तर मळ राहिला आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत पुढे-मागे होणं या वयाला ठीक. घड्याळ एकदम पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका, बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागलेलं असतं. मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण यांनी ते होतं आणि डिमॅग्नेटायझरवर क्षणात जातं.

त्यानंतर रोज ठरावीक वेळी, सकाळी बरी, चावी घट्ट लागेपर्यंत द्या. चावी जास्त झाली म्हणून घड्याळ बंद पडलं असं लोक म्हणतात, ते खरं नसतं. बंद पडतं ते सुकलेल्या तेलानं.

डायलला हात लावू देऊ नका. पिवळट पडलेली, थोडे डाग असलेली मूळ डायल ठेवा. भडक निळ्या-केशरी रंगवलेल्या डायलची ‘नवी’ एचएमटी ऑनलाइन ढिगानं मिळतात. त्यांत तीन घड्याळांचे भाग एकत्र केलेले असतात, छापील अक्षरांच्या कडा फुटलेल्या आणि ‘17 ज्वेल्स’ची ओळ तिरकी दिसते. काच मात्र खुशाल बदला. ती प्लॅस्टिकची आहे, नवी स्वस्तात बसते, आणि ओरखडे वरवरचे असतील तर पितळ चमकवायच्या पॉलिशनंही जातात.

प्रश्न : घड्याळाचा सेल दर सहा महिन्यांनी संपतो. कंपनी तीन वर्षं म्हणते.
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : काढलेला सेल मागून घ्या आणि वाचा. त्यावर ‘एलआर’ किंवा ‘एजी’ असेल तर तो अल्कलाइन आहे. मापात बसतो, पण त्याचा विजेचा दाब हळूहळू उतरत जातो आणि पुष्कळदा गळतोही. तुम्हाला ‘एसआर’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड हवा, तो शेवटपर्यंत १.५५ व्होल्ट धरून असतो. बऱ्याच काट्यांच्या घड्याळांना एसआर ६२६ एसडब्ल्यू लागतो, त्यालाच ३७७ म्हणतात. बंद पाकिटातला घ्या. बोटांनी दोन्ही बाजू धरून बसवला तर घामाच्या थरातूनही तो थोडा थोडा वाया जातो, चिमटा प्लॅस्टिकचा हवा. खरा एसआर घालूनही सहा महिन्यांतच संपला तर मशीन मळलं आहे आणि काटे फिरवायला जास्त वीज खातंय. तेव्हा सेलवर खर्च थांबवून मशीन बदला. काही घड्याळांत सेकंदकाटा दोन किंवा चार सेकंदांची उडी मारू लागतो, तो सेल संपत आल्याचा इशारा असतो. संपलेला सेल आत ठेवून घड्याळ कपाटात टाकू नका, गळलेला सेल मशीन घेऊनच जातो.

प्रश्न : चामडी पट्ट्याला दर पावसाळ्यात बुरशी येते. दुसरा पट्टा स्वतः बदलता येईल का?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : येतो. शिंगांमधलं आतलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीनं मोजा. बहुतेकदा १८, २० किंवा २२ भरतं, तेवढ्याच मापाचा पट्टा घ्या. एक मिलिमीटर कमी घेतला तर पट्टा सरकतो आणि पिन वाकते. जून ते सप्टेंबर नायलॉन किंवा सिलिकॉन वापरा, चामडी पट्टा पुसून, सुकवून कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. स्टीलचा घेणार असाल तर कड्या भरीव आहेत का बघा. पत्रा दुमडून केलेल्या कड्या ताणल्या जातात आणि केस ओढतात.

पट्ट्याच्या आत स्प्रिंगची पिन असते. घड्याळ मऊ कापडावर पालथं ठेवा, बारीक खाचेच्या हत्यारानं पिनेचा खांदा आत दाबा आणि बाजूला सरकवा. पिन उडून हरवते म्हणून वर हात धरा. नवी बसवताना दोन्ही टोकांना ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. मग पट्टा जोरानं ओढून बघा. जुन्या पिना परत वापरू नका. समुद्राकाठी त्या आतून गंजतात आणि नवी पिन दहा-वीस रुपयांत मिळते.